केनीच्या वाडीतली वाट

बँकेचा व्हॅल्युएशनवाला घराची किंमत काढायला येणार त्या सकाळी सेबेस्टियन तुस्कानोने दाढी केली, रविवारची इस्त्रीची पँट चढवली आणि अंगणात उभं राहून आपल्या घराकडे परक्याच्या नजरेने बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ज्या घरात जन्म झाला आणि ज्या घरातून रिटायर झालो, ते घर माणसाला दिसत नाही. फक्त त्याची गळणारी कौलं दिसतात.

त्याची अडचण साधी होती. त्याला एकाच घराच्या दोन किमती हव्या होत्या. बँकेपुढे घर महाग ठरायला हवं होतं, म्हणजे कर्ज मंजूर होईल. धाकट्या बहिणीपुढे, लिलीपुढे, तेच घर स्वस्त ठरायला हवं होतं, म्हणजे तिच्या अर्ध्या हिश्श्याला ते कर्ज पुरेल. आणि आज बँकेचा माणूस आणि लिली दोघंही एकाच ओटीवर, एकाच चहाला बसणार होते.

आई गेल्याला वर्ष झालं त्या दिवशीच्या चर्चमधल्या मिस्सानंतर सगळे नाश्त्याला बसलेले असताना लिलीने पावाला लोणी लावत लावत ‘माझा हिस्सा’ हे दोन शब्द उच्चारले होते. तेव्हापासून या घरातली माणसं वकिलांसारखी बोलू लागली होती. घर विकून पैसे वाटायचे किंवा लिलीचा अर्धा भाग विकत घ्यायचा, असे दोनच मार्ग होते. सेबेस्टियनला घर विकायचं नव्हतं. पॅरिशच्या शाळेत जन्मभर हेडक्लार्की केल्यामुळे विकत घ्यायची त्याची ऐपतही नव्हती. मुलगा रेमंड कामणला गोदामात सुपरवायझर होता, सून प्रीतल हॉस्पिटलच्या बिलिंगला. दोघांच्या पगारावर आणि घराच्या तारणावर कर्ज काढायचं ठरलं होतं.

“पण आजच लिलीला कशाला बोलावलंस?” सेबेस्टियनने पुन्हा विचारलं.

“मी नाही, बँकेने बोलावलंय,” रेमंड म्हणाला. “घर अजून दोघांच्या नावावर आहे पप्पा. आत्याची सही नसेल तर घर गहाणच पडत नाही.”

“गहाण म्हणू नकोस. लोन म्हण.”

“बरं, लोन पडत नाही.”

प्रीतल डब्याला झाकण लावत होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकल्यामुळे तिचा आवाज थोडा धारदार होता. “पप्पा, एक सांगू? त्या माणसापुढे घराचं फार कौतुक करू नका. किंमत वाढली की आत्यांचा हिस्सा वाढणार. आणि हप्ता आमच्या पगारातून कापला जाणार, तुमच्या पेन्शनमधून नाही.”

“आणि किंमत कमी आली तर बँक हात वर करील.”

“मग मधलीच येऊ दे की,” स्वयंपाकघरातून त्याची बायको रोझमेरी म्हणाली. घराची किंमत म्हणजे कालवणातलं मीठ असावं, असा तिचा सूर होता.

लिली आली ती रस्त्याकडून नाही, केनीच्या अंगणातून. हातात केळ्यांची फणी होती, म्हणजे केनीकडे बसून, चहा पिऊन, निघताना केळी घेऊन ती आली होती. सेबेस्टियनने ती फणी बघितली आणि न बघितल्यासारखं केलं. केनी त्याचा सख्खा चुलत भाऊ, कुंपणापलीकडचा. केनीने वाडीतल्या बऱ्याचशा केळी काढून तिथे लग्नाचं लॉन केलं, सेबेस्टियनने त्याच्या लाउडस्पीकरविरुद्ध पोलिसांत अर्ज केला, आणि गेली दोन वर्षं दोघं एकमेकांना फक्त चर्चमध्ये, तेही फादरांनी ‘शांतीचं अभिवादन करा’ म्हटल्यावर, मान हलवून ओळख देत होते.

“रंग काढलास दादा?” लिलीने चपला काढत विचारलं. “फक्त पुढच्याच भिंतीला?”

“बँक पुढूनच येते.”

“माझ्या नायगावला बिल्डिंगला बाहेरून रंग असतो, आतून पोपडे. तू पण आता शहरातला झालास.”

लिली नायगावला नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर एकटी राहत होती. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा रोनाल्ड कॅनडात होता. आपल्या फ्लॅटचा भाव काय चाललाय हे तिला कुठल्याही दिवशी तोंडपाठ असायचं, पण शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे तिला अजून माहीत नव्हतं.

व्हॅल्युएशनवाला विरारचा होता. विघ्नेश सावे त्याचं नाव, तिशीतला, पाठीवर सॅक आणि हातात भिंतीवर लाल ठिपका टाकून लांबी सांगणारं यंत्र. तो ओटीवर चढला आणि घरातल्या सगळ्यांनी आपली घरातली बोली गुंडाळून ठेवून शाळेतलं मराठी काढलं. ठेवणीतल्या कपबशांबरोबर ही भाषाही या घरात अशाच वेळी बाहेर यायची.

“बसावं,” सेबेस्टियन म्हणाला. “प्रवास सुखाचा झाला ना?”

“विरारहूनच आलो काका. स्कूटीवर.”

सावेने आधी घर मोजलं. लाल ठिपका वेदीवरच्या मदर मेरीवरून फिरला तेव्हा रोझमेरीने पदर सारखा केला. मग त्याने वर बघून तुळया पाहिल्या आणि मोबाइलवर काहीतरी टाइप केलं.

“सागवान आहे,” सेबेस्टियन म्हणाला. “आमच्या आजोबांनी मनोरहून आणलेलं.”

“पण जुनं आहे ना. घसारा लागेल, म्हणजे किंमत कमी धरायची.”

“सागवान जुनं झालं की पक्कं होतं.”

“ॲपमध्ये घसाऱ्याचा रकाना आहे काका. पक्कं होण्याचा नाही.” तो नम्रपणे बोलत होता, हे आणखी त्रासाचं होतं. “तसंही बांधकामाची किंमत फारशी येत नाही. किंमत असते ती जागेची. आणि आजूबाजूला काय आहे त्याची.”

आजूबाजूला काय आहे हे दाखवायला सेबेस्टियन तयारच होता. तो त्याला मागे घेऊन गेला आणि बावखलाच्या काठावर उभं करून गप्प राहिला. पूर्वजांनी खोदलेलं ते गोड्या पाण्याचं तळं, वर झुकलेले माड, पलीकडे सोनचाफा. इथे आणलेला प्रत्येक पाहुणा आजवर ‘वा!’ म्हणाला होता.

“पाणी तुंबतं का इथे?” सावेने विचारलं.

“तुंबत नाही. साठतं. बावखल आहे ते. याच्यावर आमच्या विहिरी जगतात.”

सावेने टाइप केलं. रेमंडने त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि बापाला नंतर सांगितलं. ‘मालमत्तेलगत पाणथळ जागा’ असं त्याने लिहिलं होतं.

“पावसात ओटीपर्यंत पाणी येतं,” प्रीतल सहज बोलल्यासारखं बोलली.

“कधी आलं गं?” लिली उसळली. शाळेतलं मराठी तिच्या तोंडून गळून पडायला लागलं होतं. “एकदा आलं ते पानी. ते सगळ्या वसईत आलं होतं. तू तर तेव्हा लग्न होऊन आलीपन नव्हतीस!”

सेबेस्टियनने बहिणीकडे चमकून पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच ती त्याच्या बाजूने बोलली होती. कारण उघड होतं, किंमत वाढली तर तिचा हिस्सा वाढणार होता. तरी त्याला बरं वाटलं. पुढचा अर्धा तास दोघं भाऊबहीण मिळून आपल्या घराचं कौतुक करत राहिले आणि प्रीतल ते एकटीने खोडत राहिली. पावसात वीज जाते, असं ती म्हणाली. गावाला हवा आहे, पंख्याची गरज नाही, असं लिली म्हणाली. स्टेशन लांब आहे, असं प्रीतल म्हणाली. लांब आहे म्हणूनच इथे झोप लागते, असं सेबेस्टियन म्हणाला.

“मागे ती भिंत कसली?” सावेने विचारलं.

“सिमेट्री,” प्रीतल म्हणाली. इतक्या लवकर तिने आजवर कुठल्याच प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं.

“फार शांत शेजार आहे,” सेबेस्टियन म्हणाला.

“आमचे आईबाबा पण तिथेच आहेत,” लिली म्हणाली. “काही म्हणजे काही त्रास नाही.”

सावेने तेही टाइप केलं. मग त्याने गेल्या वर्षभरात आसपास कुठली घरं विकली गेली, कितीला गेली, हे विचारलं. तुलनेला दोनतीन व्यवहार लागतात, असं तो म्हणाला. भाऊबहिणीने एकमेकांकडे पाहिलं. आळीत कुणीच घर विकलं नव्हतं. विकणं म्हणजे इथे आजारपणासारखं होतं, ज्याच्याकडे असेल तो सांगत नसे.

“मग मला नायगावचे फ्लॅट धरून खाली यावं लागेल,” सावे म्हणाला. “तिथे रेट क्लिअर आहे.”

“धरा, धरा,” लिली म्हणाली. “माझाच धरा. अकरावा मजला, खाडीचा व्ह्यू.”

“पण तिथे रस्ता आहे आंटी. स्टेशन आहे. खाली मेडिकल आहे.” तो ओटीवरून उतरला आणि अंगणाच्या टोकाला गेला. तिथून वाट सुरू होत होती, केनीच्या लॉनच्या कडेने, मोठ्या रस्त्यापर्यंत. त्याने लाल ठिपका या कुंपणावरून त्या कुंपणावर टाकला. “रुंदी बरी आहे. टेम्पो येतो ना?”

“लग्नात बँडसकट वरात आली होती,” सेबेस्टियन म्हणाला.

“ही वाट कुणाची?” ओटीवर परत येत त्याने विचारलं.

हा प्रश्न सेबेस्टियनच्या आवडीचा होता. तो खुर्चीत सावरून बसला. “ही वाट म्हणजे आमच्या घराण्याची अब्रू आहे, मिस्टर सावे. आमचे बाबा आणि केनीचे बाबा, दोघं सख्खे भाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा पुढची वाडी काकांकडे गेली, मागचं घर आमच्याकडे. तलाठी म्हणाला, जायच्या-यायच्या हक्काचं लिहून घ्या. काका उठून उभे राहिले. म्हणाले, माझ्या भावाला माझ्या वाडीतून जायला कागद लागणार असेल तर वाटणीच नको.”

“बाबांनी तर तलाठ्याच्या हातातला कागद घेतला आणि फाडला,” लिली म्हणाली. “आई सांगायची. आणि त्या तुकड्यांनी चूल पेटवून सगळ्यांना चहा दिला.”

“म्हणजे आजतागायत?” सावेने विचारलं.

“आजतागायत एक अक्षर लिहिलेलं नाही!” सेबेस्टियन अभिमानाने म्हणाला. “आमच्यात शब्द चालतो.”

सावेचं बोट स्क्रीनवर थांबलं. त्या दिवसभरात पहिल्यांदाच तो थोडा अवघडल्यासारखा दिसला.

“काका, मग कागदावर या घराला रस्ताच नाही.”

“आहे की. तुम्ही आत्ता मोजलात.”

“तो केनी तुस्कानो यांच्या जमिनीतून जातो. त्यांनी उद्या गेट लावलं तर? बँक असं घर तारण घेत नाही. मी किती किंमत लिहितो हा प्रश्नच येत नाही. रस्ता नसेल तर रिपोर्ट निगेटिव्ह जातो.”

पोरसवदा माणसाने घराण्याची सर्वांत चांगली गोष्ट ऐकून तिच्यातून सर्वांत वाईट निष्कर्ष काढला होता, आणि तो चूक आहे असं सेबेस्टियनला म्हणता येत नव्हतं. केनी गेट लावील का? लावील. गेल्याच महिन्यात त्याने लॉनला लावलं होतं.

“काही उपाय?” रेमंडने विचारलं.

“त्यांनी वाटेचा हक्क लिहून द्यावा. आज साध्या कागदावर दिला तरी मी रिपोर्टमध्ये नोंद घेतो. नंतर रजिस्टर करा.”

सगळ्यांच्या नजरा सेबेस्टियनकडे वळल्या, आणि तिथून, जाणं शक्य नाही हे पटल्यावर, लिलीकडे.

“मी विचारते,” लिली उठली. “चहा मघाशी अर्धाच प्यायला होता, तोपन पिऊन येते.”

ती गेली. रोझमेरीने सावेला जेवायला बसवलं. बोंबलाचं सुकं आणि भाकरी बघितल्यावर तो घाईत असल्याचं विसरला. सेबेस्टियन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“केनी ऐकेल तिचं,” तो म्हणाला. “पैसे मिळणार आहेत तिला, जीव लावून मागेल.”

रोझमेरी तव्याकडे बघत होती. “वर्षभर हिस्सा हिस्सा करतेय. पण किती हवेत, हे एकदा तरी बोलली?”

सेबेस्टियनने आठवून बघितलं. लिलीने रोनाल्ड काय म्हणतो ते सांगितलं होतं, वकील काय म्हणतो ते सांगितलं होतं. तिचा स्वतःचा आकडा त्याला आठवला नाही. “हिशेबी आहे ती,” तो म्हणाला. “आधी तोंड उघडत नाही.”

“हं,” रोझमेरी म्हणाली आणि भाकरी उलटली.

लिली परतली ती केनीला घेऊनच. केनी बनियनवर शर्ट अडकवून आला होता, बटणं वाटेत लावत. दोन वर्षांनी तो या ओटीवर चढत होता. त्याने आधी रोझमेरीला, मग रेमंडला, मग व्हॅल्युएशनवाल्याला नमस्कार केला. सेबेस्टियनकडे बघून तो म्हणाला, “रंग चांगला काढला. मागून कधी काढतोस?”

“बस,” सेबेस्टियन म्हणाला.

“बसायला नाय आलो. लॉनवर संध्याकाळी फंक्शन हाय. स्पीकर लावायचा हाय.” ‘स्पीकर’ हा शब्द त्याने सावकाश उच्चारला. “ऐक सेबा. तुझ्या बापाने आनि माझ्या बापाने कागद फाडला, तो त्यांचा मोठेपना. त्यांच्यात अर्ज-बिर्ज नव्हते. आपल्यात अर्ज सुरू झाले ते तू केलेस. मग आता कागदच करू. पन मी वाट तुला देनार नाय.”

“मग कुणाला देणार?”

“लिलीला.”

रेमंडने कागद-पेन घेतलं होतं. तो बापाकडे बघायला लागला.

“लिही रेमंड,” केनी म्हणाला. “माझी चुलत बहीण लिली, हिला माझ्या वाडीतून गाडीसकट जाण्या-येण्याचा हक्क. तिचा या घरात हिस्सा हाय तोवर. आनि तिच्या सोबत घरात जे कोन राहतील, त्यांना पन.”

“म्हणजे मी कोण?” सेबेस्टियनने विचारलं.

“तू तिच्या सोबत राहनारा.”

केनीने सही केली. रोझमेरीने दिलेला चहा उभ्यानेच प्यायला, बशी खिडकीत ठेवली आणि तो लॉनवर निघून गेला. सावेने कागदाचा फोटो काढला, दोनदा वाचला आणि डोकं खाजवलं.

“मी वकील नाही,” तो म्हणाला. “पण यात एक घोळ आहे. लोन तुम्ही कशासाठी घेताय? आंटींचा हिस्सा विकत घ्यायला.”

“बरोबर.”

“आंटींनी हिस्सा सोडला की हा हक्क संपला. हक्क संपला की रस्ता गेला. रस्ता गेला की तारण गेलं. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही लोनचे पैसे आंटींना द्याल, त्या दिवशी बँकेकडे रस्ता नसलेलं घर राहील. हे मंजूर होणार नाही काका. आंटी मालक राहिल्या तर घराला चांगली किंमत आहे. नाही राहिल्या तर नाही.”

किती किंमत, हे त्याने अखेरपर्यंत सांगितलं नाही. रिपोर्ट सीलबंद बँकेला जातो, म्हणाला. रोझमेरीने दिलेल्या डब्यात त्याने उरलेलं सुकं घेतलं आणि स्कूटी केनीच्या कुंपणाकडेने बाहेर काढली.

ओटीवर घरचेच उरले आणि सगळ्यांनी शाळेतलं मराठी सोडून दिलं.

“तू त्याच्याकडे असंच मागितलंस?” सेबेस्टियनने विचारलं.

“मी वाट मागितली. कुनाच्या नावावर, ते त्याने विचारलं.”

“आणि तू माझं नाव सांगितलं नाहीस.”

“तुझं नाव सांगितलं असतं तर त्याने पाजलेला चहा परत मागितला असता.”

“पण आता तुला एक पैसा मिळणार नाही. ऐकलंस ना तो काय म्हणाला? तुझा हिस्सा मला घेता येत नाही. बिल्डरलासुद्धा विकता येणार नाही, वाटेविना तो तरी काय करणार?”

“ऐकलं.”

“मग त्या हिश्श्याचं करणार काय तू?”

लिली खांबाला टेकून बसली होती. तिने पाय पसरले, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलं, लहानपणी ती याच खांबाला अशीच बसायची. “लोक घराचं काय करतात दादा? राहतात.”

रेमंडने प्रीतलकडे बघितलं. प्रीतल आत्तापर्यंत बोटांवर काहीतरी मोजत होती. तिचा हात मध्येच थांबला. वीस वर्षांचा हप्ता तिच्या पगारातून एका क्षणात गळून पडला होता, आणि तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून नसलेला गोडवा आला.

“आत्या, मागची खोली मी रिकामी करते,” ती म्हणाली. “हवा मस्त आहे तिथे. पंख्याचीसुद्धा गरज नाही.”

“पानी नाय ना येत तिकडे पावसात?” लिलीने विचारलं.

“कधीच नाही.”

आतून रोझमेरी हसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. सेबेस्टियन हिशेब करत होता. घर राहिलं होतं. कर्ज काढावं लागणार नव्हतं. त्याला जे हवं होतं ते सगळं त्याला फुकट मिळालं होतं, आणि तरीही आपण हरलो आहोत असं त्याला स्पष्ट वाटत होतं. वर्षभर वकिलाच्या पायऱ्या झिजवण्याऐवजी एकदा विचारलं असतं, ये राहायला, तर हेच झालं असतं, हे त्याच्या लक्षात येत होतं. पण विचारायचं कसं? हिस्सा मागणाऱ्या बहिणीला खोली देऊ केली तर ती अपमान समजली असती. आणि खोली मागायची तर लिलीने मागितली नसती. तिचे आणि त्याचे बाबा एकच.

“आणि नायगावचा फ्लॅट?” त्याने विचारलं, काहीतरी विचारायला हवं म्हणून.

“भाड्याने देते. स्टेशन जवळ हाय, मेडिकल हाय. लोकांना तेच लागतं.” तिने केळं सोललं आणि अर्धं मोडून त्याच्या हातात दिलं. “सोमवारी सामान येईल. तू स्कूटर वाटेत लावतोस ना? ती लावू नको आता. टेम्पो अडेल.”

चाळीस वर्षं सेबेस्टियन गाडी तिथेच लावत आला होता. आधी सायकल, मग लुना, मग स्कूटर. केनीच्या बापाने कधी हरकत घेतली नव्हती, केनीने भांडण झाल्यावरसुद्धा घेतली नव्हती.

त्याने केळं संपवलं, खुंटीवरची किल्ली घेतली आणि तो स्कूटर काढायला गेला.